वेगात उसळणारी होडी

(पूरबचाव आणि खाडीवाहतूक यांच्याशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मुंबईचे उपनगर म्हटले की लोकल गाड्या, उड्डाणपूल आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात. परंतु याच उपनगराच्या पश्चिम कडेला अशी काही गावे आहेत की जेथील माणसाची रोजची वाट पाण्यावरून जाते. वर्सोव्याहून मढला, मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीच्या काठावरून गोराईला जाणारा प्रवासी होडीतच बसतो. रस्त्याने गोराईला जायचे तर भाईंदर-उत्तनकडून मोठा वळसा पडतो. खाडी ओलांडली की काही मिनिटांत काम होते. या वाहतुकीच्या मोठ्या नौका जड, रुंद आणि संथ असतात. त्या डुलतात, क्वचित धक्क्यावर आपटतात, पण वेगाने उसळत नाहीत. आजचा विषय त्यांच्याशेजारी दिसणाऱ्या लहान होड्यांचा आहे. चार ते साडेपाच मीटर लांबीची, मागच्या उभ्या फळीवर इंजिन टांगलेली, एका माणसाने मूठ धरून चालविण्याची ही होडी आज सर्वत्र आढळते. कोळी बांधव तिच्यातून जाळ्यांकडे जातात, गस्तीचे कर्मचारी तिचा उपयोग करतात, आणि पावसाळ्यात नदीकाठच्या गावी तीच बचावनौका होते.

या होडीला एक खोड असते. काठाजवळ ती शहाण्यासारखी चालते. मोकळ्या पाण्यात मूठ पिळून वेग दिला की तिची नाळ वर उठते, खाली आपटते, पुन्हा उठते, पुन्हा आपटते. पाणी आरशासारखे शांत असले तरीही हे थांबत नाही. उलट वेग जसा वाढेल तशी उसळी वाढते. डॉल्फिन पाण्याबाहेर डोके काढीत आणि बुडी मारीत जातो, त्या चालीशी हिचे साम्य आहे. इंग्रजीतील नावही तशाच एका जलचरावरून पडलेले आहे.

ही उसळी म्हणजे इंजिनाच्या ताकदीची खूण असा एक समज तरुण चालकांत आढळतो. होडी उड्या मारते आहे म्हणजे इंजिन जोरदार आहे! जुन्या तांडेलांना हे पटत नाही आणि त्यांचे न पटणे योग्य आहे. उसळणारी होडी पुढे जाण्यासाठी मिळालेली शक्ती वरखाली होण्यात खर्च करते. पेट्रोल जळते, अंतर मात्र कमी कापले जाते. पैशाचे नुकसान सोसता येईल; शरीराचे सोसता येत नाही. नाळेजवळ बसलेल्या माणसाला प्रत्येक आपटीचा धक्का थेट कण्यात बसतो. वेगवान होड्यांत पुढे बसलेल्या प्रवाशांच्या कमरेचे मणके दबून मोडल्याचे प्रकार वैद्यकशास्त्राला परिचित आहेत. मागे बसलेल्या चालकाची गत निराळी. नाळ वर गेली की त्याला समोरचे दिसेनासे होते. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई या पट्ट्यात डोलीची जाळी लावण्याची परंपरा आहे. त्यांचे खुंट, दोर आणि तरंगते खुणेचे गोळे पाण्यात असतात. क्षणभर न दिसलेला एक दोर पंख्यात गुंतला तर होडी जागच्या जागी गर्रकन फिरते आणि चालक बाहेर फेकला जातो. चालकाविना इंजिन चालू असलेली होडी गोल फिरत राहते व पाण्यातील माणसावरच परत येते. या एका कारणासाठी इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधलेली असली पाहिजे. अनेक होड्यांत ही दोरी इंजिनाभोवती गुंडाळून ठेवलेली दिसते. तेथे तिचा काहीही उपयोग नाही.

आता हे होते कसे, ते पाहू. संथ चालणारी होडी पाणी बाजूला सारून त्यात बसलेली असते. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे तिने सारलेल्या पाण्याइतके वजन पाणी तोलून धरते. वेग वाढला की दुसरीच क्रिया सुरू होते. तळावर पाण्याचा मारा होऊन होडी वर उचलली जाते आणि पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरू लागते. मुले तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड भिरकावतात, तो टप्पे घेत जातो. त्याच्या मुळाशी हाच मारा आहे. या अवस्थेत होडीच्या तळाचा पुढचा बराचसा भाग पाण्याबाहेर असतो. फक्त मागचा भाग ओला राहतो आणि सगळा भार त्यावर येतो.

येथेच गोम आहे. होडीचे वजन जेथे एकवटलेले असते तो गुरुत्वमध्य, आणि पाणी तिला जेथून उचलून धरते ती जागा, ही दोन्ही एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. वजन फार मागे असेल तर नाळ वर जाते. नाळ वर गेली की ओला तळ आणखी आखूड होतो. काही क्षणांत हा आखूड आधार अपुरा पडतो आणि होडी पुढच्या अंगाने खाली पडते. पडल्याबरोबर ओला तळ एकदम लांब होतो, पाण्याचा मारा वाढतो आणि नाळ पुन्हा वर फेकली जाते. झोपाळ्याला प्रत्येक फेरीला योग्य वेळी धक्का मिळावा तशी ही गती स्वतःच स्वतःला वाढवीत राहते. लाटेचे निमित्त तिला लागत नाही.

प्रत्येक होडीला, प्रत्येक वेगाला, नाळ किती अंशांपर्यंत वर असलेली चालेल याची एक मर्यादा असते. अमेरिकेतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधील संशोधक डॅनियल सॅवित्स्की यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वेगवान होड्यांच्या तळाचे गणित मांडले आणि त्यात ही मर्यादाही दाखविली. त्यातून निघणारी गोष्ट चालकांच्या अनुभवाशी जुळते: वेग जितका जास्त आणि भार जितका हलका, तितकी होडी नाळेचा चढ कमी सहन करते. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या रचनाकारांना तर ही अडचण त्याच्याही आधीपासून ठाऊक होती, कारण उड्डाणापूर्वी पाण्यावरून धावताना विमानही असेच उसळते. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीजवळ अशा विमानाची चाचणी झाली तेव्हा मुंबईकरांनी गर्दी करून पाहिले ते उड्डाण. चालकाच्या लेखी पाण्यावरची धावही तितकीच अवघड असते.

हे सारे स्पष्ट व्हावे म्हणून एक होडी कल्पनेत आणावी. गोराईच्या खाडीत फायबरची, साडेचार मीटर लांबीची ही होडी आहे. नुसत्या होडीचे वजन २२० किलो, मागे टांगलेले २५ अश्वशक्तीचे इंजिन ५५ किलो, भरलेली पेट्रोलची टाकी २५ किलो आणि चालक ७० किलो, असे एकूण ३७० किलो झाले. सकाळी ती चार माणसे आणि सामान घेऊन निघते. माणसे मधल्या व पुढच्या आडफळ्यांवर बसलेली असतात. होडी जड चालते, पण सरळ चालते. दुपारी माणसे पलीकडे उतरतात आणि चालक एकटा परत फिरतो. आता मात्र होडी उसळू लागते. चालकाला वाटते, इंजिनात काही बिघडले. तो मेकॅनिककडे जातो, मेकॅनिक प्लग बदलतो, पंखा तपासतो. उसळी जशीच्या तशी!

इंजिनात काही बिघडलेले नाही. होडी हलकी झाली, वेग वाढला आणि उरलेल्या वजनाचा मोठा वाटा मागच्या टोकाशी राहिला. इंजिन तेथे, टाकी तेथे, चालकही तेथेच. शाळेतील शिक्षकांना हे फूटपट्टीने दाखविता येईल. पट्टी बोटावर तोलून धरावी आणि एका टोकाला खोडरबर ठेवावा. तोल राखण्यासाठी बोट त्या टोकाकडे सरकवावे लागते. तरफेचा जो नियम शाळेच्या वर्गात फळ्यावर शिकविला जातो, तोच गोराईच्या खाडीत चालकाच्या कमरेला कळतो.

पहिला उपाय म्हणूनच पैशाचा नाही. २५ किलोची टाकी मागून उचलून अडीच मीटर पुढे, नाळेजवळच्या आडफळीखाली ठेवावी व पट्ट्याने घट्ट बांधावी. २५ ला अडीचने गुणून ३७० ने भागले असता सुमारे १७ सेंटिमीटर येतात. म्हणजे एका टाकीच्या जागाबदलाने संपूर्ण होडीचा गुरुत्वमध्य १७ सेंटिमीटर पुढे सरकला. इंजिनाच्या मुठीला जोडनळी लावून चालक ६० सेंटिमीटर पुढे बसला तर आणखी ११ सेंटिमीटरांची भर पडते. साडेचार मीटरच्या होडीत २८ सेंटिमीटर ही थोडकी गोष्ट नव्हे. अनेक होड्यांची उसळी एवढ्यानेच जाते. टाकी पुढे नेताना इंधनाची नळी पुरेशी लांब, योग्य जाडीची आणि पायाखाली न येणारी असावी, एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. वजन हलवून झाले की होडी एका कुशीवर कलत नाही ना, तेही पाहावे.

काही ठिकाणी नाळेत वाळूची पोती टाकण्याचा रिवाज आहे. त्याने उसळी थांबते हे खरे, पण हा उपाय शेवटचा समजावा. आहे ते वजन पुढे नेणे आणि नवे वजन वाढविणे यांत फरक आहे. न बांधलेले पोते पहिल्याच वळणावर एका बाजूला घसरते. आणि बचावकार्यात चार पोती म्हणजे होडीत न घेता आलेली दोन माणसे, हा हिशेबही विसरता येत नाही.

होडीच्या तळाशी साचलेले पाणी हा लपलेला शत्रू आहे. घोटाभर पाणी कोणी मोजत नाही, परंतु १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि तेही जागेवर न राहणारे. नाळ उठली की सगळे पाणी मागे धावते व नाळ आणखी उठते. नाळ पडली की ते पुढे धावते. उसळीची तक्रार आली की सर्वप्रथम होडी कोरडी करावी. जुन्या फायबर होड्यांत दोन थरांमध्ये भरलेला फेस वर्षानुवर्षे पाणी पिऊन जड झालेला असतो. बाहेरून काही दिसत नाही. होडी नवी असताना चार माणसे उचलीत होती आणि आता सहा लागतात, एवढीच काय ती खूण.

वजनानंतर इंजिनाचा कल येतो. टांगत्या इंजिनाचा खालचा पाय मागच्या फळीपासून किती दूर राहावा हे ठरविण्यासाठी पकडीत एका ओळीने छिद्रे असतात आणि त्यांपैकी एकात आडवी खीळ घातलेली असते. पाय फळीपासून दूर असला तर पंखा पाणी मागे आणि थोडे वर फेकतो. त्याची प्रतिक्रिया होडीच्या मागच्या भागाला खाली दाबते व नाळ वर करते. पाय फळीजवळ घेतला तर उलट घडते, मागचा भाग उचलला जातो आणि नाळ खाली बसते. उसळणाऱ्या होडीची खीळ एका छिद्राने आत घ्यावी आणि पुन्हा त्याच वाटेने, त्याच वेगाने होडी चालवून पाहावी. फरक पडला पण पुरेसा नसेल तर आणखी एक छिद्र. मोठ्या इंजिनांत हे काम बटण दाबून होते. त्यामुळे तेथे उसळी सुरू होताच कल आत घेता येतो. आणि बटण हाती असूनही ते न वापरणारे चालक काही कमी नाहीत.

एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे. टाकीही हलविली आणि खीळही बदलली, तर गुण कशाने आला ते कळत नाही व पुढच्या खेपेस पुन्हा अंधारात चाचपडणे येते. तसेच कल आत घेण्यालाही सीमा आहे. पाय फार आत गेला की नाळ पाण्यात रुतते, होडी सुकाणूला दाद देत नाही आणि वळण घेताना एकाएकी बाजूला फेकली जाते. उसळी बरी पण हे नको, असे म्हणण्याची पाळी येते. उसळी जेथे थांबते तेथेच हात थांबवावा.

काही होड्यांची मागची फळी जवळजवळ उभी बांधलेली असते. तिच्यावर खीळ सर्वांत आतल्या छिद्रात घालूनही पाय पुरेसा आत येत नाही. अशा वेळी फळी आणि इंजिनाची पकड यांच्यामध्ये टणक लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पाचर बसवितात. पाचरीची जाड कड वर असली पाहिजे. ती उलटी बसविली तर रोग वाढतो. पाचर बसविल्यानंतर पकडीचे स्क्रू नव्याने आवळावे आणि इंजिनाला सुरक्षा-साखळी बांधावी.

इंजिनाची उंची हाही तपासणीचा भाग आहे. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. लहान होडीत ती साधारणपणे तळाच्या रेषेत, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वर किंवा खाली असावी. पट्टी फार वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन रिकामे ओरडते आणि वेग तुटतो. फार खाली गेली तर पाण्याचा फवारा उडतो व पाय उगाच ओढ निर्माण करतो. इंजिने प्रामुख्याने आखूड व लांब अशा दोन पायांची मिळतात. आखूड सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीच्या फळीसाठी आणि लांब सुमारे ५१ सेंटिमीटरच्या फळीसाठी. खरेदीच्या वेळी फळीची उंची न मोजता मागविलेले इंजिन होडीशी कधीच जुळत नाही, मग नंतर कितीही ठोकपीट केली तरी.

एवढे करूनही उसळी न गेल्यास होडी उलटी करून तिचा तळ पाहिला पाहिजे. त्यासाठी पावसाळा हा उत्तम काळ. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, होड्या काठावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची डागडुजी व रंगरंगोटी चाललेलीच असते. दीड मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन ती मागच्या फळीपासून पुढे, तळाला समांतर टेकवावी. घसरत्या होडीला जे काही तोलून धरते ते हे शेवटचे दीड मीटर. ते सरळ असले पाहिजेत. पट्टी मध्येच टेकून दोन्ही टोकांना डुलत असेल तर तळाला बाहेरच्या अंगाने फुगवटा आला आहे. हा फुगवटा मागच्या भागाला खाली ओढतो आणि उसळीचे ते एक हमखास कारण आहे. याच्या उलट, पट्टीची टोके टेकली आणि मध्ये फट दिसली तर तळ खोलगट झाला आहे. अशी होडी उसळत नाही, ती नाळ खाली दाबते.

हे बाक येतात कोठून? होडी वर्षभर ज्या रीतीने ठेवली जाते तिच्यातून. जड इंजिन लावलेलीच होडी दोन दगडांवर किंवा दोन ओंडक्यांवर महिनोन्महिने ठेवली की उन्हाने मऊ झालेले फायबर वाकते. होडीला मागच्या फळीपर्यंत लांब आधार द्यावा आणि इंजिन काढून ठेवावे, हे फुकटचे औषध आहे. फुगवटा आलाच असेल तर तो घासून किंवा थर चढवून सरळ करणे हे जाणत्या कारागिराचे काम. ते घरी करू नये. तळावर शिंपल्यांचा थर बसला असेल तर तो मात्र कोणीही खरवडून काढू शकतो.

शेवटी जोड-उपकरणे येतात. मागच्या फळीच्या खालच्या कडेला दोन बाजूंना लावण्याचे लहान धातूचे पंख, किंवा इंजिनाच्या आडव्या पट्टीवर बसणारे पसरट पाते, बाजारात मिळते. दोन्ही मागचा भाग उचलतात व उसळी कमी करतात. परंतु दुकानदार जे सर्वांत आधी दाखवितो ते सर्वांत शेवटी घ्यावे. पाते बसविण्यासाठी बहुधा इंजिनाच्या पट्टीला भोके पाडावी लागतात, आणि ज्या होडीचा दोष केवळ टाकीच्या जागेत होता तिच्या इंजिनाला कायमची भोके पाडणे शहाणपणाचे नाही. परवानाधारक प्रवासी होडीत असा कोणताही बदल करण्यापूर्वी सर्वेक्षकाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

रबरी बचावनौकांविषयी दोन शब्द वेगळे सांगणे भाग आहे, कारण पूरग्रस्त भागात त्यांचाच वापर अधिक असतो. या नौकेचा तळ हवेच्या दाबाने ताठ राहतो. हवा कमी असली तर तळ मध्येच दुमडतो, नौका पाठीत वाकते आणि उसळते. उन्हात भरलेली हवा गार पाण्यात उतरताच आकसते आणि दाब कमी होतो. म्हणून काठावर दाब बरोबर असला तरी नौका पाण्यात टाकल्यानंतर तो पुन्हा पाहावा व लागेल तेवढी हवा भरावी. अशा नौकेत एकट्याने वेगात जाणे तर विशेष धोक्याचे. हलकी नाळ वाऱ्याच्या झोतात सापडली की संपूर्ण नौका मागे उलटू शकते.

या प्रश्नाचा शासनाशी आणि पंचायतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील रस्त्यांवरून होडीची गरज पडू शकते हे महानगराला एका दिवसात कळले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी होडी उलटली आणि जी माणसे वाचावयाची होती तीच बुडाली. होडीत प्रमाणाबाहेर माणसे होती. त्या अपघाताचे कारण उसळी नव्हते. पण होडी कोणत्या भाराला कशी वागते हे आधी कोणी पाहून ठेवलेले असते तर काय फरक पडला असता, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. त्या दिवसानंतर अनेक गावांना नव्या होड्या मिळाल्या पाहिजेत अशी मागणी झाली, आणि ती रास्तच होती. मात्र होडी मिळणे आणि होडी उपयोगी पडणे यांत अंतर आहे. मागणीपत्रात होडीची लांबी असते, इंजिनाची अश्वशक्ती असते, किंमत असते. इंजिन आणि होडी एकमेकांना शोभतात की नाही याचा रकाना मात्र सहसा नसतो.

तो रकाना घालणे कठीण नाही. होडी ताब्यात घेताना ती पुरवठादाराच्या माणसाने तीन वेळा चालवून दाखवावी: एकटा चालक असताना, अर्ध्या भाराने आणि पूर्ण भाराने. प्रत्येक वेळी खीळ कोणत्या छिद्रात होती, टाकी कोठे होती आणि कोणत्या वेगाला उसळी सुरू झाली हे त्याच जागी वहीत लिहून घ्यावे. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या जागी चार-स्ट्रोक इंजिन बसविले असेल तर ही परीक्षा पुन्हा घ्यावी, कारण त्याच अश्वशक्तीचे नवे इंजिन बहुधा अधिक जड असते आणि ते सारे वजन नेमके मागच्या फळीवर येते. मागची फळी हे वजन पेलण्याइतकी मजबूत आहे का, तेही ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आतले लाकूड कुजलेले आहे असे समजावे.

चाचणीची जागाही विचारपूर्वक निवडावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेवर आदळली आणि अनेकांचे प्राण गेले. ती दुर्घटना निराळ्या आकाराच्या नौकेची आणि निराळ्या कारणाची होती. परंतु ज्या यंत्राच्या वागणुकीची खात्री नाही ते प्रवासी वाहतुकीच्या मार्गावर तपासावयाचे नाही, एवढे तिच्यावरून लहान होडीच्या चालकालाही घेता येईल. मार्वे-मनोरी किंवा वर्सोवा-मढ या फेऱ्यांच्या वाटेवर वेग देऊन पाहणे गैर आहे. भरतीच्या वेळी, वारा पडलेला असताना, खाडीच्या रुंद आणि रिकाम्या भागात, जाकीट घालून व सुरक्षा-दोरी बांधून चाचणी करावी, आणि काठावर एक माणूस पाहत उभा असावा. शांत पाण्याचा आग्रह यासाठी की लाटांवर कोणतीही होडी आपटते. शांत पाण्यात उसळली तरच तो होडीचा दोष.

मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेस असलेल्या ठाणे खाडीत मात्र वेगाचा हा प्रश्नच येऊ देऊ नये. २०१५ मध्ये तेथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्या पाणथळ जागेला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे होडीने संथच जावयाचे असते, आणि संथ होडी उसळत नाही.

टांगत्या इंजिनाचा व्यापारी प्रसार ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन यंत्रज्ञाने १९०९ पासून केला, तेव्हा त्याचे इंजिन अवघ्या दीड अश्वशक्तीच्या आसपास होते. त्या ताकदीने होडी उसळणे शक्यच नव्हते. वल्ह्यांसाठी बांधलेल्या होडीला ते इंजिन लावले तरी काही बिघडत नसे. पुढे इंजिने वाढत गेली आणि होड्यांचे तळ मात्र पुष्कळ ठिकाणी तेच राहिले. आपल्या किनाऱ्यावर शीड आणि वल्ह्यांवर चालणारी जुनी होडी मागे निमुळती आणि तळाला गोलसर असे. वाऱ्यावर चालण्यास तो आकार उत्तम. त्याच बांधणीच्या होडीला मागची फळी जोडून ४० अश्वशक्ती लावणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे इंजिन बसविणे होय. अशा होडीची उसळी टाकी हलवून किंवा खीळ बदलून पूर्णपणे जात नाही. तिचा मूठ पिळण्याचा हातच आवरावा लागतो. ज्या वेगाला उसळी सुरू होते त्याच्या थोडे अलीकडे मुठीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली, तर होडी दुसऱ्याच्या हाती देताना त्या रेघेपुढे मूठ पिळू नकोस एवढे सांगितले तरी पुरते.